५४ वी मॅसॅच्युसेट्स स्वयंसेवक पलटण (१८६३–१८६५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांविरुद्ध, उत्तरेच्या बाजूने लढलेल्या स्वयंसेवक पलटणींमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या, कृष्णवर्णीय शिपायांच्या ५४ व्या पायदळ पलटणीचे नाव आपल्याकडे त्यातल्या त्यात ओळखीचे आहे, आणि ते बहुधा १९८९ मध्ये आलेल्या हॉलिवूडच्या चित्रपटामुळे. त्यामुळे या पलटणीविषयीचे प्रश्नही वॅग्नर नावाच्या एका किल्ल्यावरील एका संध्याकाळच्या हल्ल्याभोवती फिरतात. त्या हल्ल्याची हकीगत खाली सविस्तर दिली आहे; मात्र पगाराच्या वादाला मी तितकीच जागा दिली आहे, कारण या पलटणीची सर्वांत लांबलेली लढाई तीच होती.

‘स्वयंसेवक पलटण’ म्हणजे नेमके काय? हे शिपाई बिनपगारी होते का?

नाही. मराठीत ‘स्वयंसेवक’ म्हटले की सभेत खुर्च्या मांडणारा बिनपगारी कार्यकर्ता डोळ्यांपुढे येतो. येथे तो अर्थ घेऊ नये. युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेचे कायमस्वरूपी सैन्य जेमतेम सोळा हजारांचे होते. एप्रिल १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी राज्यांकडे ७५,००० माणसे मागितली आणि तेथून पुढे प्रत्येक राज्य आपापल्या पलटणी उभारून केंद्राकडे सोपवू लागले. अशा पलटणीला राज्याचे नाव आणि क्रमांक मिळे, तिच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका राज्याचा गव्हर्नर करी आणि तिच्यात साधारण शंभर जणांची एक अशा दहा कंपन्या असत. शिपाई स्वखुशीने, बहुधा तीन वर्षांच्या मुदतीने नाव नोंदवत आणि त्यांचा दरमहा पगार ठरलेला असे. नाव नोंदवताना जो पगार कबूल केला तो पुढे मिळाला की नाही, हा या पलटणीच्या इतिहासातला कळीचा मुद्दा आहे.

ही अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय पलटण होती का?

असे सर्रास लिहिले जाते, पण ते खरे नाही. लुइझियानातील ‘नेटिव्ह गार्ड्स’, साउथ कॅरोलायनातील पहिली कृष्णवर्णीय पलटण आणि कॅन्ससमधील पलटण या तिन्ही १८६२ मध्येच उभ्या राहू लागल्या होत्या. ५४ वी वॅग्नर किल्ल्यावर चालून गेली त्याच्या आधीच, २७ मे १८६३ रोजी पोर्ट हडसन येथे आणि ७ जूनला मिलिकन्स बेंड येथे, कृष्णवर्णीय सैनिकांनी रक्त सांडले होते. ५४ व्या पलटणीचे वेगळेपण असे की लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर उत्तरेतील एका राज्याने रीतसर परवानगी घेऊन उभारलेली ती पहिली अशी पलटण होती, आणि ती बोस्टनमध्ये, वर्तमानपत्रांच्या डोळ्यांदेखत तयार झाली. पुढे बहुतेक कृष्णवर्णीय पलटणींवरील राज्यांची नावे जाऊन त्यांना केंद्राचे क्रमांक मिळाले. ५४ वीने मात्र मॅसॅच्युसेट्सचे नाव शेवटपर्यंत टिकवले.

ती उभारण्याची कल्पना कोणाची?

गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांची. ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांच्याकडून २६ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी परवानगी मिळवली. पण मॅसॅच्युसेट्समध्ये कृष्णवर्णीय वस्तीच इतकी थोडी होती की एका राज्यातून हजार माणसे मिळणे अशक्य होते. तेव्हा जॉर्ज स्टर्न्स या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने एक समिती नेमून बाहेरच्या राज्यांत भरतीचे जाळे टाकण्यात आले. स्वतः गुलामीतून पळून आलेले वक्ते आणि संपादक फ्रेडरिक डग्लस यांनी मार्चमध्ये आपल्या नियतकालिकातून कृष्णवर्णीय तरुणांना शस्त्र हाती घेण्याचे आवाहन केले आणि आपले दोन मुलगे, लुईस व चार्ल्स, या पलटणीत घातले. लुईस पुढे पलटणीचा सार्जंट मेजर झाला.

शिपाई बहुतेक पळून आलेले गुलाम होते, हे खरे का?

चित्रपट पाहिलेल्यांचा हा हमखास गैरसमज. या पलटणीतील बहुसंख्य शिपाई जन्मापासून स्वतंत्र होते आणि पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो या राज्यांतून, काही तर कॅनडातून आले होते. त्यांत शेतमजूर होते, न्हावी होते, खलाशी होते. अनेकांना लिहिता-वाचता येत होते, आणि म्हणूनच या पलटणीचा इतिहास सरकारी कागदांइतकाच शिपायांनी घरी व वर्तमानपत्रांना लिहिलेल्या पत्रांतूनही हाती लागतो. गुलामीत जन्मलेलेही काही होतेच. वॅग्नरच्या तटावरून निशाण परत आणणारा विल्यम कार्नी हा त्यांपैकी एक, आणि त्याच्याविषयी पुढे येईल.

अधिकारी मात्र सगळे गोरे का?

कारण युद्धखात्याची अट. कृष्णवर्णीयांच्या हाती बंदूक देणे वॉशिंग्टनमधील सरकारने मान्य केले, पण त्यांच्या हाती हुकूम देणे नाही. गव्हर्नर अँड्र्यू यांनी मग निदान गुलामगिरीविरोधी घराण्यांतील, लढाई पाहिलेले तरुण अधिकारी निवडले. कर्नलपदासाठी त्यांनी रॉबर्ट गूल्ड शॉ याला विचारले. तो २५ वर्षांचा होता, दुसऱ्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत कॅप्टन होता आणि अँटिटमच्या लढाईतून वाचून आला होता. त्याने आधी नकार दिला, मग होकार. शॉची जी पत्रे उरली आहेत, त्यांत पहिल्या दिवसांतील त्याचे आपल्या शिपायांविषयीचे बोलणे कृपाळू वरिष्ठाचे वाटते. काही आठवड्यांतच त्याचा सूर बदलत गेलेला दिसतो. त्याला जन्मजात संत ठरवण्यापेक्षा हा बदल मला अधिक बोलका वाटतो.

प्रशिक्षण कुठे झाले, आणि पलटण युद्धावर कधी निघाली?

बोस्टनजवळच्या रीडव्हिल येथील कॅम्प मेग्ज या छावणीत. फेब्रुवारीच्या थंडीत पहिली माणसे आली, १३ मेपर्यंत पलटण भरली आणि १८ मे रोजी गव्हर्नरांच्या हस्ते तिला निशाणे देण्यात आली. २८ मे १८६३ रोजी ती बोस्टनच्या रस्त्यांवरून बंदरावर गेली. दुतर्फा प्रचंड गर्दी होती. पलटण ज्या स्टेट स्ट्रीटवरून बंदराकडे उतरली, त्याच रस्त्यावरून नऊ वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला सशस्त्र पहाऱ्यात नेऊन दक्षिणेच्या बोटीवर चढवण्यात आले होते. तो दिवस आठवणारे पुष्कळ लोक त्या गर्दीत असणार. त्याच दिवशी ‘डी मोले’ या आगबोटीने पलटण साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे निघाली.

डेरियन गाव जाळण्यात या पलटणीचा हात होता का?

होय, आणि तो लपवण्याचे कारण नाही. ११ जून १८६३ रोजी जॉर्जियातील डेरियन हे जवळजवळ निर्मनुष्य झालेले बंदरगाव लुटून पेटवून देण्यात आले. हुकूम कर्नल जेम्स माँटगोमेरी यांचा होता. त्यांच्या साउथ कॅरोलायनाच्या पलटणीबरोबर ५४ वीची माणसेही त्यात सामील झाली. गावातून कोणताही प्रतिकार झाला नव्हता. शॉने आपल्या पत्रांत या कृत्याविषयी उघड घृणा व्यक्त केली आहे. आपली माणसे लढण्यासाठी आली असताना त्यांची पहिली ओळख जाळपोळ करणारे अशी व्हावी, हे त्याला सलत होते, आणि त्याने लढाईच्या आघाडीवर पाठवण्याची मागणी वरिष्ठांकडे केली.

वॅग्नर किल्ला कसा होता? तो इतका महत्त्वाचा का?

‘किल्ला’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात कडा, बुरूज आणि दरवाजा उभा राहतो. वॅग्नर तसा नव्हता. चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेल्या मॉरिस बेटावर वाळूचे जाड तट घालून, त्यांना ताडासारख्या झाडांच्या ओंडक्यांचा आधार देऊन तो उभारला होता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दलदल, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तटासमोर पाण्याचा खंदक. दगडी भिंत तोफेच्या माऱ्याने फुटते, वाळू मात्र गोळा पोटात घेते. शिवाय आत जाड छपराची तळघरे होती, त्यांत शिबंदी मारा थांबेपर्यंत बसून राहू शके. चार्ल्सटन हे बंडाचे माहेरघर. ते घ्यायचे तर बंदराच्या मध्यावरील फोर्ट सम्टर निकामी करणे आवश्यक, आणि सम्टरवर तोफा लावायच्या तर मॉरिस बेट हाती हवे. म्हणून उत्तरेचे जनरल गिलमोर यांना वॅग्नर हवा होता. ११ जुलैचा पहिला हल्ला फसला होता.

१८ जुलै १८६३ रोजी नेमके काय घडले?

त्या संध्याकाळची गोष्ट दोन दिवस आधीपासून सांगावी लागते. १६ जुलैच्या पहाटे जेम्स बेटावर शत्रूने अचानक चाल केली, तेव्हा ५४ वीच्या पहाऱ्यावरील कंपन्यांनी मागे हटता हटता झुंज देऊन शेजारच्या १० व्या कनेक्टिकट पलटणीला निसटायला वेळ मिळवून दिला. ही पलटणीची पहिली खरी लढाई. त्याच रात्री बेट सोडण्याचा हुकूम आला. वादळी पावसात, मिट्ट काळोखात, दलदलीवर टाकलेल्या अरुंद फळ्यांवरून एकामागे एक चालत पलटण किनाऱ्यावर पोचली. पुढचा दिवस तिने उपाशीपोटी बोटीची वाट पाहण्यात काढला, पुढची रात्र लहान होडीतून खेपा करून आगबोटीवर चढण्यात गेली, आणि मग पुन्हा पायी मजल करून १८ तारखेच्या संध्याकाळी ती मॉरिस बेटावर आली. म्हणजे हल्ल्याच्या अग्रभागी जे सुमारे सहाशे जण उभे राहिले, त्यांना दोन रात्री धड झोप नव्हती आणि पोटात अन्न नव्हते.

ब्रिगेडप्रमुख जनरल जॉर्ज स्ट्राँग यांनी शॉला अग्रभागाचा मान देऊ केला आणि त्याने तो घेतला. दिवसभर युद्धनौकांनी आणि जमिनीवरील तोफांनी वॅग्नरवर आग ओकली होती. आत फारसे कोणी जिवंत उरले नसेल असा वरिष्ठांचा समज होता. प्रत्यक्षात शिबंदी तळघरांत जवळजवळ शाबूत होती. रांगांपुढे उभे राहून स्ट्राँग यांनी निशाण धरलेल्या शिपायाकडे बोट दाखवले आणि हा पडला तर निशाण कोण उचलेल, असे विचारले. शॉने तोंडातील चिरूट काढून ‘मी’ एवढेच उत्तर दिल्याची आठवण पलटणीच्याच एका अधिकाऱ्याने नोंदवली आहे.

पावणेआठच्या सुमारास, अंधार पडत असताना, संगिनी चढवून पलटण निघाली. पट्टी पुढे इतकी अरुंद होत गेली की समुद्राकडचे शिपाई गुडघाभर पाण्यातून चालत होते आणि दलदलीकडचे मागे ढकलले जात होते. तट दोनशे यार्डांच्या आत आल्यावर तोफा आणि बंदुका एकदम सुटल्या. तरीही काही जण खंदक पार करून वाळूचा उतार चढले आणि तटावर समोरासमोर भिडले. शॉ तटावर पोचला आणि तेथेच पडला. मागून येणाऱ्या पलटणी तुकड्या-तुकड्यांनी आल्या. त्यांच्यातील काही जणांनी किल्ल्याचा एक कोपरा काही काळ धरून ठेवला, पण कुमक आली नाही. रात्री हल्ला पूर्ण फसला. उत्तरेचे सुमारे दीड हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले; किल्ल्यातील शिबंदीचे नुकसान दोनशेच्या आसपास होते. एकट्या ५४ वीचे नुकसान पावणेतीनशेच्या घरात गेले. वरिष्ठ अधिकारी एकामागून एक पडल्यामुळे उरलेल्या पलटणीचा ताबा कॅप्टन लुईस एमिलिओकडे आला. त्याचे वय १८ होते.

हल्ल्याची आखणी वाईट होती, हे माझे मत येथे नोंदवतो. अरुंद वाळूवरून, अंधारात, वाटेची पुरेशी माहिती न देता, थकलेल्या पलटणीला पुढे घालून केलेल्या त्या चालीत धैर्याची परीक्षा झाली असेल, पण सेनापतीच्या डोक्याची नक्कीच झाली नाही.

निशाण जमिनीला टेकले नाही, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. निशाणदार पडताच न्यू बेडफर्डच्या सार्जंट विल्यम कार्नीने राष्ट्रध्वज उचलला, तटापर्यंत नेला आणि माघारीत अनेक जखमा झालेल्या असताना, कधी गुडघ्यांवर सरपटत, तो परत आणला. निशाण एकदाही जमिनीला लागले नाही, असे त्याने परत आल्यावर सांगितले. त्याला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले ते मे १९०० मध्ये, सदतीस वर्षांनी. कृष्णवर्णीय सैनिकाने ते पदक ज्या पराक्रमासाठी मिळवले त्यांत कालक्रमाने हा पराक्रम सर्वांत जुना. मात्र प्रत्यक्ष पदक त्याच्याआधी इतर अनेक कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाले होते. ‘पदक मिळवणारा पहिला’ असे जे लिहिले जाते त्यात ही गल्लत असते. युद्धानंतर कार्नीने न्यू बेडफर्डमध्ये अनेक वर्षे पोस्टमन म्हणून घरोघर टपाल वाटले.

शॉचा मृतदेह परत का मिळाला नाही?

अधिकाऱ्याचा देह सन्मानाने परत करण्याचा रिवाज होता. शॉला मात्र त्याच्या कृष्णवर्णीय शिपायांबरोबर एकाच चरात पुरण्यात आले, आणि त्यामागे अपमानाचा हेतू होता. पुढे किल्ला हाती आल्यास देह शोधून काढण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा शॉचे वडील फ्रान्सिस शॉ यांनी जनरल गिलमोर यांना पत्र लिहून तसे न करण्याची विनंती केली. सैनिक जेथे पडला तेथेच, त्याच्या माणसांमध्ये, त्याची योग्य जागा आहे अशी त्यांची भूमिका होती.

त्याच आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये दंगे झाले होते, त्यांचा या पलटणीशी काय संबंध?

सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध १३ ते १६ जुलै १८६३ या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये दंगे उसळले आणि जमावाने आपला राग कृष्णवर्णीय नागरिकांवर काढला. त्यांच्या मुलांचा अनाथाश्रमही जाळला. ५४ वीतील सार्जंट रॉबर्ट सिमन्स हा मूळचा बर्म्युडा बेटाचा. त्याचा लहानगा भाचा या दंग्यात जमावाच्या हातून मारला गेला. काही दिवसांतच सिमन्स वॅग्नरवर जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, त्याचा हात कापावा लागला आणि तो चार्ल्सटनमध्ये मरण पावला.

पकडल्या गेलेल्या शिपायांचे काय झाले?

दक्षिणेच्या सरकारने जाहीर केले होते की कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी मानले जाणार नाही. त्यांना राज्यांच्या हवाली केले जाईल, आणि राज्यांचा कायदा म्हणजे बंडखोर गुलामांना दिली जाणारी शिक्षा, प्रसंगी फाशी. त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही मृत्युदंडाची धमकी होती. ३० जुलै १८६३ रोजी लिंकन यांनी आदेश काढला की युद्धाचे नियम मोडून उत्तरेचा एक सैनिक मारला गेला तर दक्षिणेच्या एका सैनिकाला देहदंड होईल, आणि कोणाला गुलाम केले तर शत्रूच्या एका सैनिकाला सक्तमजुरीवर धाडले जाईल. सप्टेंबरमध्ये चार्ल्सटनच्या न्यायालयात ५४ वीच्या काही कैद्यांवर खटला चालला. नेल्सन मिचेल या स्थानिक गोऱ्या वकिलाने त्यांची बाजू मांडली, आणि हा खटला चालवण्याचा अधिकारच आपल्याला नाही असा निर्णय न्यायालयाने दिला. त्यामुळे फाशी टळली, तुरुंगवास टळला नाही.

पगाराचा वाद काय होता?

भरतीच्या वेळी गव्हर्नरांनी इतर सैनिकांइतकाच पगार कबूल केला होता: दरमहा १३ डॉलर, शिवाय कपड्यांचा भत्ता. पण युद्धखात्याच्या कायदा सल्लागाराने १८६२ च्या मिलिशिया कायद्यावर बोट ठेवले. कृष्णवर्णीयांना १० डॉलर द्यावेत आणि त्यांतले ३ कपड्यांपोटी धरावेत, असे त्या कायद्यात होते. ती तरतूद लिहिताना खंदक खणणारे आणि ओझी वाहणारे मजूर डोळ्यांपुढे होते. म्हणजे हातात पडणार ७ डॉलर. गोऱ्या शिपायाला कपड्यांचा भत्ता वरून मिळे, यांच्या पगारातून तो कापला जाणार होता.

पलटणीने पगार घेण्यास नकार दिला. हा संप नव्हता. काम एक दिवसही थांबले नाही. पहारे, खंदक, लढाया सगळे चालू राहिले, फक्त पगारवाटपाच्या वेळी शिपाई पैसे न घेता परत जात. वॅग्नरनंतर उरलेल्या माणसांनी त्याच किल्ल्यापर्यंतचे चर खणले, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला शत्रूने तो रिकामा करेपर्यंत ती रात्रंदिवस तोफांच्या माऱ्याखाली राबत होती, तीही फुकट.

२८ सप्टेंबर १८६३ रोजी कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने थेट लिंकन यांना पत्र लिहिले. गुडिंग युद्धापूर्वी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर खलाशी होता आणि न्यू बेडफर्डच्या वर्तमानपत्राला नियमित बातमीपत्रे पाठवत असे. त्याचा प्रश्न सरळ होता: आम्ही शिपाई आहोत की मजूर? मराठीत त्यासाठी ‘बिगारी’ हा शब्द अधिक चपखल बसेल. गुडिंगने दयेची याचना केली नाही. शिपायाचे काम केले आहे, शिपायाचा मोबदला द्या, एवढीच त्याची मागणी होती.

नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तोडगा काढला: केंद्राने ७ द्यावेत, उरलेले राज्य भरून देईल. पलटणीने तोही नाकारला. येथे अनेक वाचक थबकतात. पैसे पूर्ण मिळत होते, घरी बायकामुले उपाशी होती, काहींची कुटुंबे धर्मादायावर दिवस काढत होती, मग नकार का? शिपायांचे म्हणणे असे की प्रश्न रकमेचा असता तर कधीच मिटला असता. केंद्राने आपल्याला कमी प्रतीचे मानावे आणि राज्याने त्यावर पांघरूण घालावे, हे त्यांना मान्य नव्हते. असंतोष इतरत्रही धुमसत होता: तिसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर याने असमान पगाराच्या निषेधार्थ आपल्या माणसांना शस्त्रे खाली ठेवायला लावली, तेव्हा त्याच्यावर बंडाचा आरोप ठेवून फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

मग तो वाद कसा मिटला?

जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, समान पगार मान्य केला, पण एक मेख मारून. १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच भरतीच्या दिवसापासूनची बाकी मिळणार, इतरांना १ जानेवारी १८६४ पासूनची. एकाच रांगेत उभ्या असलेल्या शिपायांत जन्माने स्वतंत्र आणि गुलामीतून आलेला अशी दुफळी करणारी ही अट होती. शॉनंतरचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल हे क्वेकर या गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती पंथाच्या घराण्यातले. त्यांनी शपथेचा मसुदा असा केला की शिपायाने एवढेच म्हणावे: त्या तारखेला किंवा तिच्याआधी माझ्याकडून बिनमोबदला श्रम मागण्याचा हक्क कोणालाही नव्हता. ईश्वराच्या न्यायाने तसा हक्क कोणत्याच मालकाला कधी नव्हता, त्यामुळे गुलामीत जन्मलेला शिपाईही ती शपथ खोटे न बोलता घेऊ शकला. पलटणीत तिला ‘क्वेकर शपथ’ असे नाव पडले.

सप्टेंबर १८६४ च्या अखेरीस, भरतीनंतर सुमारे अठरा महिन्यांनी, पलटणीला पहिला पगार मिळाला. छावणीत त्या दिवशी गाणी, भाषणे आणि मेजवानी झाली, आणि शिपायांनी मोठमोठ्या रकमा ताबडतोब घरी धाडल्या. गुडिंग मात्र तेथे नव्हता. तो फेब्रुवारीत फ्लोरिडात पकडला गेला होता आणि जुलैमध्ये जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत वारला होता.

फ्लोरिडातील लढाईत काय झाले?

२० फेब्रुवारी १८६४ रोजी ओलस्टी येथे उत्तरेचे जनरल सेमूर यांच्या सुमारे साडेपाच हजारांच्या फौजेचा पराभव झाला. १,८०० हून अधिक माणसे गमावली. पुढच्या पलटणी फुटल्यावर ५४ वी धावत आघाडीवर आली. त्या वेळी शिपायांनी दिलेली आरोळी प्रसिद्ध आहे: मॅसॅच्युसेट्सचा आणि महिन्याच्या सात डॉलरांचा जयजयकार. त्यातील बोचरा विनोद पगाराचा वाद माहीत असल्याखेरीज कळत नाही. तिने आणि ३५ व्या कृष्णवर्णीय पलटणीने शत्रूला थोपवून बाकीच्या फौजेला माघारीची सवड दिली.

माघारीत जखमींनी भरलेल्या आगगाडीचे इंजिन बंद पडले. गाडी सोडून दिली असती तर जखमी, त्यांत कृष्णवर्णीयही होते, शत्रूच्या हाती पडले असते. ५४ वीला मागे पाठवण्यात आले. शिपायांनी इंजिनाला आणि डब्यांना दोर बांधले आणि ती गाडी रुळांवरून काही मैल हाताने ओढत नेली. पुढे घोडे जोडले गेले. वॅग्नरची चित्रे पुष्कळ निघाली. दोर खांद्यावर घेऊन गाडी ओढणाऱ्या, लढून आलेल्या, बिनपगारी शिपायांचे चित्र माझ्या मते त्यांहून मोठे ठरले असते.

पलटणीत कोणी कृष्णवर्णीय अधिकारी झाला का?

होय, पण झगडून. ओलस्टीत जखमी झालेल्या सार्जंट स्टीफन स्वेल्स याला गव्हर्नर अँड्र्यू यांनी मार्च १८६४ मध्ये लेफ्टनंट केले. युद्धखात्याने त्याच्या आफ्रिकी वंशाचे कारण देऊन ही बढती अडवून धरली आणि जानेवारी १८६५ मध्ये अखेर मान्य केली. स्वेल्स युद्धानंतर साउथ कॅरोलायनातच राहिला आणि तेथील राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. १८७० च्या दशकाअखेर गोऱ्यांच्या दहशतीमुळे त्याला आपले गाव सोडावे लागले.

एकूण किती माणसे गेली, आणि पलटण कधी विसर्जित झाली?

संपूर्ण सेवेत सुमारे २७० जण मरण पावले, आणि त्यांत लढाईपेक्षा रोगांचे बळी अधिक होते. त्या युद्धातील बहुतेक पलटणींचा हिशेब असाच निघतो. नोव्हेंबर १८६४ मध्ये हनी हिल येथे आणि १८ एप्रिल १८६५ रोजी बॉयकिन्स मिल येथे पलटण पुन्हा लढली. ही शेवटची चकमक दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या शरणागतीनंतर नऊ दिवसांनी झाली, आणि तीत पलटणीचा एक तरुण लेफ्टनंट कामी आला. २० ऑगस्ट १८६५ रोजी पलटण सेवामुक्त झाली आणि सप्टेंबरच्या आरंभी बोस्टनमध्ये परतली.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

पलटणीशी थेट नाही, युद्धाशी आहे. चार्ल्सटनसारख्या बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना; मागणी हिंदुस्थानकडे वळली, मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला आणि खानदेश-वऱ्हाडातील कापसाला कधी नव्हता असा भाव मिळाला. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतील सट्ट्याचा फुगा फुटला. दुसरा धागा विचारांचा आहे: जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी ज्यांनी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला त्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.

या पलटणीचे स्मारक कुठे आहे?

बोस्टनमध्ये, राज्याच्या विधानभवनासमोर. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी दशकाहून अधिक काळ खपून घडवलेले हे ब्राँझचे उठावशिल्प ३१ मे १८९७ रोजी खुले झाले. घोड्यावर शॉ आणि त्याच्या बाजूने चालणारे शिपाई असे ते दृश्य आहे. प्रत्येक शिपायाचा चेहरा वेगळा आहे, कारण शिल्पकाराने प्रत्यक्ष कृष्णवर्णीय माणसांना समोर बसवून डोकी घडवली. समारंभात शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन बोलले, आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्सही, ज्यांचा धाकटा भाऊ याच पलटणीत अधिकारी होता आणि वॅग्नरवर जखमी झाला होता. कार्नी तेथे निशाण घेऊन हजर होता. स्मारकावर तेव्हा मृत अधिकाऱ्यांची नावे कोरली होती; वॅग्नरवर पडलेल्या शिपायांची नावे मागच्या बाजूला कोरली गेली ती १९८० च्या दशकाच्या आरंभी.